दार ठोठावणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मुले शिकवलेला, हिशेबाला चोख आणि शब्दाला पक्का माणूस. गेल्या रमजानच्या आधी एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर संदेश आला, ‘तुमच्या खात्याची केवायसी अपूर्ण आहे; संध्याकाळपर्यंत ओळख पटवली नाही तर खाते बंद होईल.’ खाली एक लिंक होती. निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होत असल्याने गुरुजी घाबरले. त्यांनी लिंक उघडली. तेथे बँकेच्या चिन्हासारखेच चिन्ह होते. त्यांनी आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख सारे भरले. कॅमेऱ्यासमोर सांगितल्याप्रमाणे मान डावीकडे-उजवीकडे वळवून दाखवली. शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपीही लिहिला. अर्ध्या तासाच्या आत उमऱ्यासाठी साठवलेली रक्कम खात्यातून नाहीशी झाली.

मी भेटायला गेलो तेव्हा गुरुजींना पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे दुःख अधिक होते. ते म्हणाले, “भाईसाहेब, त्यांनी माझी ओळख विचारली आणि मी शाळकरी मुलासारखी सगळी सांगून टाकली. ‘तुम्ही कोण?’ हे त्यांना विचारायचे मात्र मला सुचलेच नाही.”

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आज आपल्याकडे पदोपदी ओळख मागितली जाते. सिमकार्ड घेताना, खाते उघडताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, रेशन घेताना, एखादे ॲप मोबाइलवर घेताना, इतकेच काय, घर भाड्याने घेतानाही आपण आपले नाव, पत्ता, जन्मतारीख, बोटांचे ठसे आणि चेहरा कोणाच्या तरी हवाली करत असतो. मागणारा खरा की खोटा, हा या प्रश्नाचा एक भाग झाला. तो खरा असला तरी त्याने किती मागावे, मागितलेल्याचे काय करावे आणि देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता यावे की नाही, हा दुसरा आणि अधिक खोल भाग आहे. हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. तो अमानतीचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि इस्लामने या दोन्ही विषयांत आपल्याला मोकळे सोडलेले नाही.

पडताळणी स्वतः वाईट नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओळख विचारणे म्हणजे अपमान करणे, असे इस्लाम मानत नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) कर्जव्यवहाराविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तीत आहे. अनाथाची संपत्ती त्याच्या स्वाधीन करताना साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे (४:६). एखादा अवज्ञाकारी मनुष्य बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मागाहून पश्चात्ताप कराल, असा इशाराही आहे (४९:६).

मुस्लिम विद्वानांनी तर पडताळणीचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले. हदीस सांगणारा कोण, तो कोणाकडून ऐकतो, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याचा खरेपणा कसा, याची नोंद ठेवणारे ‘अस्माउर्रिजाल’चे ग्रंथ याचा पुरावा आहेत. एरवी एखाद्याच्या पाठीमागे त्याचे दोष सांगणे ही गीबत, म्हणजे मोठे पाप. तरीही हदीस कथन करणाऱ्याच्या बाबतीत विद्वानांनी त्याची मुभा दिली, कारण दीनचे संरक्षण ही खरी गरज होती. परंतु ती मुभा गरजेपुरतीच होती. ज्या दोषाचा हदीसकथनाशी संबंध नाही तो चघळत बसण्याचा परवाना तिने कोणाला दिला नाही.

म्हणजे बँकेने खातेदाराची ओळख पटवणे मुळात योग्यच आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणे, काळा पैसा फिरवणे यांना आळा बसतो. प्रश्न आहे तो ओळख मागण्याच्या रीतीचा. आणि त्या रीतीसाठी कुरआनने आपल्यापुढे घराच्या दाराचे उदाहरण ठेवले आहे.

दारावरचे चार शिष्टाचार

सूरह अन्नूरमध्ये (२४:२७-२८) श्रद्धावंतांना सांगितले आहे की, स्वतःच्या घराखेरीज इतर घरांत परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नका. घरात कोणी नसेल तरीही परवानगी मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नका. आणि ‘परत जा’ असे सांगितले गेले तर परत जा. तेच तुमच्यासाठी अधिक निर्मळ आहे. या आयतींच्या प्रकाशात प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सहाबांना दारावर उभे राहण्याची रीत शिकवली. तिच्यातून चार शिष्टाचार स्पष्ट होतात.

पहिला, दार ठोठावणाऱ्याने आपले नाव सांगावे. ह. जाबिर (रजि.) आपल्या मरहूम वडिलांच्या कर्जासंबंधी प्रेषितांकडे (सल्ल.) गेले आणि त्यांनी दार ठोठावले. आतून विचारणा झाली, कोण आहे? त्यांनी उत्तर दिले, ‘मी’. हे उत्तर प्रेषितांना (सल्ल.) आवडले नाही, त्यांनी ‘मी, मी’ असे म्हणत आपली नापसंती व्यक्त केली. ‘मी’ म्हणणारा तर प्रत्येकच जण असतो. घरातल्या माणसाला हवे असते ते ओळखू येईल असे नाव.

दुसरा शिष्टाचार नजरेचा. एकदा एका माणसाने प्रेषितांच्या (सल्ल.) खोलीत एका छिद्रातून डोकावून पाहिले. त्या वेळी त्यांच्या हातात केस सारखे करण्याचे एक टोकदार साधन होते. त्यांनी त्या माणसाला अत्यंत कठोर शब्दांत फटकारले आणि स्पष्ट केले की, परवानगीचा नियम मुळात नजरेसाठीच ठेवला गेला आहे. म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर आणि डोळा घरात, हीसुद्धा घुसखोरीच आहे.

तिसरा, नकार मिळाल्यास परत जावे, आणि मनात राग न धरता जावे. कुरआनने येथे घरमालकाकडून नकाराचे कारण मागितलेले नाही.

चौथा शिष्टाचार आत गेल्यानंतरचा आहे. तेथे जे पाहिले, जे ऐकले, ती अमानत आहे. बैठकी अमानत असतात, असे हदीसमध्ये आले आहे. एवढेच नव्हे, तर एखाद्याने बोलता बोलता कोणी ऐकत तर नाही ना, म्हणून आजूबाजूला पाहिले, तर त्याचे ते बोलणे अमानत ठरते, असेही शिकवले आहे. ‘हे कोणाला सांगू नका’ असे त्याने तोंडाने म्हणण्याचीही आवश्यकता नाही.

ह. उमर (रजि.) यांच्या काळातील एका प्रसंगात पडताळणी आणि शिष्टाचार दोन्ही एकत्र दिसतात. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) त्यांच्याकडे आले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर न मिळाल्याने परत गेले. ह. उमर (रजि.) यांनी मागाहून कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की, तीनदा विचारूनही परवानगी मिळाली नाही तर परतावे, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. ह. उमर (रजि.) यांनी यावर साक्षीदार आणण्यास सांगितले. अन्सारांच्या बैठकीतून वयाने सर्वांत लहान असलेले ह. अबू सईद खुदरी (रजि.) उठले आणि त्यांनी साक्ष दिली. ह. उमर (रजि.) यांनी कारणही सांगितले की, मला तुमच्यावर संशय नाही, परंतु लोकांनी प्रेषितांच्या (सल्ल.) नावे वाटेल ते सांगू लागू नये, अशी काळजी वाटते. विचारणारा कोण हे येथे सर्वांना ठाऊक होते, विचारण्याचे कारण उघड होते, जेवढा दावा तेवढाच पुरावा मागितला गेला, आणि तो मिळताच विषय संपला.

आजचे दार

आता हेच चार शिष्टाचार आपल्या मोबाइलच्या दाराशी लावून पाहू.

गुरुजींच्या बाबतीत पहिलाच शिष्टाचार मोडला गेला. ठोठावणारा ‘मी बँक’ म्हणाला, आणि ते उत्तर पुरेसे मानले गेले. खरे तर फसवणूक करणाऱ्याची सारी शक्ती याच उलट्या क्रमात असते. तो स्वतः अनोळखी राहतो, समोरच्याला घाई करतो आणि भीती घालतो. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालणारा प्रकार असाच आहे. पोलिसाचा किंवा तपास अधिकाऱ्याचा वेश करून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन् तास बसवून ठेवतात आणि ‘ओळख पटवण्यासाठी’ म्हणून पैसे वळते करायला लावतात. अशा प्रकारची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतः पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मधून हे सांगितले.

म्हणून ओळख मागणाऱ्याला ‘तुम्ही कोण?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ती सुन्नतला धरून असलेली सावधगिरी आहे. परंतु त्याचे उत्तर त्याच्याच तोंडून घेऊन भागत नाही. संदेशातील लिंक किंवा संदेशातील क्रमांक वापरू नये. पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा किंवा शाखेत जावे. ओटीपी ही घराची किल्ली आहे; ती फोनवरून मागणारा बँकेचा माणूस असूच शकत नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम वाटेतच थांबवली जाण्याची शक्यता अधिक. आमचे गुरुजी लाजेपोटी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फसवला गेलेला माणूस अपराधी नसतो, हे आपण घराघरांत सांगितले पाहिजे.

दुसरा शिष्टाचार नजरेचा, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न पाहण्याचा. फिकहचा एक सुप्रसिद्ध नियम आहे की, अनिवार्य गरजेमुळे जी मुभा मिळते ती गरजेच्या मापाइतकीच असते. उस्मानी काळात संहिताबद्ध झालेल्या ‘मजल्ला’तही त्याला स्थान मिळाले. साक्षीसाठी, न्यायालयात किंवा उपचारासाठी परस्त्रीचा चेहरा पाहण्याची मुभा देताना फुकहांनी हीच मर्यादा घातली. ज्या कामासाठी पाहायचे ते काम झाले की मुभा संपली.

या नियमाची साधने आज उपलब्ध आहेत, पण आपण ती वापरत नाही. आधारचा ‘मास्क्ड’ नमुना डाउनलोड करता येतो. त्यात बारापैकी केवळ शेवटचे चार अंक दिसतात. आधार क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक मिळतो आणि तो बदलताही येतो. बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेले एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोबाइलवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने रुग्णाची माहिती आणि त्याच्या मोबाइलमधील सर्वांचे संपर्क क्रमांक अशा दोन्हींसाठी संमती मागितली आणि रुग्णाने ती दिली, तरीही ती संमती उपचारापुरतीच धरली जाईल. कारण उपचारासाठी संपर्क क्रमांकांची गरज नाही. दारातून आत बोलावले म्हणजे कपाटे उघडण्याची परवानगी दिली असे नव्हे, ही गोष्ट येथे कायद्याने मान्य केली आहे.

तिसरा शिष्टाचार नकाराचा. ‘मान्य आहे’ या बटणावर आपण दिवसातून कितीदा बोट ठेवतो! पण नकार दिल्यास रेशन, शिष्यवृत्ती किंवा पगार अडणार असेल, तर त्या होकाराला परस्पर राजीखुशी म्हणता येईल काय? कुरआनने व्यापारासाठीही परस्पर राजीखुशीची अट घातली आहे (४:२९). सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना वैध ठरली, परंतु खासगी कंपन्यांना आधारद्वारे ओळख पटवण्याची मुभा देणारी तरतूद टिकली नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन बँक व मोबाइल कंपन्यांसाठी आधारचा ऐच्छिक वापर आला. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ असा की, दुसरा कायदेशीर ओळखपुरावा देण्याचा मार्ग ग्राहकासमोर खुला असला पाहिजे. काउंटरवरील तरुणाला तो ठाऊक नसेल, तर शांतपणे त्याच्या वरिष्ठाला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

चौथा शिष्टाचार अमानतीचा, आणि येथे प्रामाणिक मागणाराही घसरतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत ‘टी’ नावाच्या ॲपमधून सुमारे ७२,००० छायाचित्रे बाहेर पडली. हे ॲप स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी काढलेले होते. अर्जदार खरोखर स्त्री आहे याची खात्री करण्यासाठी मागवलेली सुमारे १३,००० छायाचित्रे व ओळखपत्रे त्यांत होती. संरक्षणासाठी मागितलेली ओळखच त्या स्त्रियांना उघड्यावर आणून गेली. ज्या क्षणी ओळख पटली त्याच क्षणी ती चित्रे नष्ट झाली असती, तर चोराला चोरण्यासारखे काही उरलेच नसते. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. चेहरा आणि बोटांचे ठसे अल्लाहने एकदाच दिले आहेत. जी वस्तू परत करता येत नाही ती अमानत म्हणून घेताना घेणाऱ्याचे हात थरथरले पाहिजेत.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर…’

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सज्जनाला भीती कशाची? ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने सारे खुशाल दाखवावे.

हा युक्तिवाद वरवर प्रामाणिक वाटतो, परंतु तो इस्लामच्या स्वभावाशी जुळत नाही. कुरआनने तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी, मनाई केली (४९:१२) ती पापी माणसांच्या सोयीसाठी नव्हे. ह. उमर (रजि.) यांच्याविषयी एक घटना सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत संशय आल्याने ते एका घराच्या भिंतीवरून आत उतरले आणि घरमालकाला पापकर्मात पाहिले. तो म्हणाला, मी एक चूक केली आहे, आपण तीन केल्या. टेहळणी केलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलामाविना घरात शिरलात. खलीफांनी हे मान्य केले. घरमालक निर्दोष नव्हता, तरीही त्याच्या दाराचा मान शाबूत होता. आणि शासकाने लोकांच्या उणिवा शोधत राहिल्यास तो त्यांना बिघडवून टाकतो, असा इशारा हदीसमध्ये आहे. सतत संशयाने पाहिला जाणारा माणूस हळूहळू स्वतःकडेही संशयितासारखा पाहू लागतो.

अर्थात, या हक्काची दुसरी बाजूही आहे. खासगीपणाच्या नावाखाली खोटी ओळख देण्याची सूट कोणाला नाही. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिम घेणे, वय चुकीचे सांगणे, थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते अनोळखी माणसाला वापरायला देणे, हे उघड खोटे आणि पापात साहाय्य आहे (५:२). गुरुजींचे पैसेही प्रथम कोणातरी तरुणाच्या भाड्याने दिलेल्या खात्यातच गेले होते. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फार मोठे अंतर आहे.

आपणही दार ठोठावतो

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. सारा दोष ठगांचा, कंपन्यांचा आणि कार्यालयांचा ठरला असता. परंतु एक गोष्ट कबूल केल्याशिवाय मला लेखणी ठेवता येत नाही.

मी एका बैतुलमालच्या समितीवर काही वर्षे काम करतो. जकातीच्या अर्जासोबत आम्ही आधारची, रेशनकार्डची, पासबुकाची झेरॉक्स घेतो, पतीचा मृत्यूचा दाखला घेतो, कधी घराची छायाचित्रेही. एकदा समितीचे कपाट रिकामे करताना जुने अर्ज रद्दीत गेले. काही दिवसांनी नाक्यावरच्या दुकानात मला एका पुड्याच्या कागदावर आमच्याच भागातील एका विधवा खालांचे छायाचित्र दिसले. खाली त्यांचा आधार क्रमांक आणि ‘उत्पन्न : काही नाही’ हा शेरा, आमच्याच हस्ताक्षरातला. मी तो पुडा विकत घेतला. पण तशी आणखी किती पाने गावात फिरली असतील, हे अल्लाहच जाणतो.

त्या खालांनी अर्ज देताना ओढणी सावरून आजूबाजूला पाहिले होते, हे मला तेव्हा आठवले. हदीसच्या शिकवणीप्रमाणे त्याच क्षणी तो अर्ज अमानत झाला होता. आम्ही त्यांना महिन्याचे रेशन दिले आणि त्यांची इज्जत रद्दीवाल्याला विकली. कोणत्या तोंडाने आम्ही मोठ्या कंपन्यांना जाब विचारावा?

त्यानंतर समितीने काही नियम केले. गरज पडताळण्यासाठी शेजारच्या दोन विश्वासू माणसांची साक्ष पुरत असेल तर कागद मागायचा नाही. आधार पाहायचे, पण प्रत ठेवायची नाही. ठेवावीच लागली तर मास्क्ड प्रत, आणि तिच्यावर उद्देश व तारीख लिहायची. हिशेब तपासून झाला की जुने अर्ज दोन सदस्यांसमक्ष फाडून नष्ट करायचे. मदत स्वीकारणाऱ्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या समूहात टाकायचे नाही. देणगीदाराला पावती दाखवावी, गरिबाचा चेहरा नव्हे. मदरसे, वसतिगृहे, विवाह जुळवणाऱ्या समित्या, हज-उमऱ्याचे टूरचालक, या सर्वांनी आपली कपाटे आणि आपले मोबाइल एकदा असे उघडून पाहावेत. अमानती त्यांच्या हक्कदारांपर्यंत पोहोचवा, हा आदेश (४:५८) बँकांइतकाच आपल्यालाही आहे.

माणूस माणसाची ओळख मागतो, कारण माणसाचे ज्ञान अपुरे आहे. ती त्याची लाचारी आहे, अधिकार नव्हे. ज्याला कोणाचीही ओळख पटवून घ्यावी लागत नाही असा केवळ एक अल्लाह आहे. त्याच्या दरबारात तोंडे बंद होतील आणि हात-पाय बोलतील (३६:६५). त्या दिवशी आपल्या बोटांनी कोणकोणते कागद हाताळले, कोणाची कोणती माहिती कोणाला पाठवली, याचीही साक्ष निघेल. सर्व काही जाणणारा तो अल्लाह आपल्या दासांच्या उणिवांवर पडदा टाकतो. आपण मात्र थोडेसे जाणतो आणि तेवढ्यावरच दुसऱ्याचा पडदा फाडतो.

गुरुजी आता नव्याने उमऱ्याचे पैसे जमवत आहेत. परवा त्यांच्या मोबाइलवर पुन्हा कोणाचा तरी फोन आला. त्यांनी शांतपणे विचारले, “आपण कोण? आपले नाव आणि शाखा सांगा, मी स्वतः तेथे येतो.” पलीकडून फोन ठेवला गेला. अल्लाह आपल्या सर्वांना दारावर उभे राहण्याची आणि दार उघडण्याची, दोन्ही रीती शिकवो. आमीन.